अभ्यासिकेचं वायफाय: आत्ता नेमकी किती उपकरणं जोडलेली आहेत? (मंचावरची चर्चा, प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

ठिपका

मांडणी आधी सांगतो. अभ्यासिका, दोन मजले, ६० खुर्च्या. फायबरचं ओएनटी (इंटरनेट कंपनीचं, फायबर जिथे येऊन पोचते ते यंत्र) तळमजल्यावर, त्यातलं वायफाय बंद केलेलं. त्याला आठ पोर्टांचा साधा स्विच आणि स्विचवरून प्रत्येक मजल्यावर एक असे दोन ऍक्सेस पॉइंट (एपी, म्हणजे वायफाय देणारी यंत्रं). दोन्हींवर ओपनडब्ल्यूआरटी (राउटरवर चालणारी खुली प्रणाली) २३.०५, दोन्हींना २.४ आणि ५ गिगाहर्ट्झचे रेडिओ. वायफायचं नाव आणि पासवर्ड सगळीकडे एकच, डब्ल्यूपीए-२. पत्ते वाटण्याचं काम, म्हणजे डीएचसीपी, ओएनटी करतं.

संध्याकाळी खुर्च्यांवर ३८ माणसं असताना ओएनटीच्या पानावर 'जोडलेली उपकरणे' १३१ दिसतात. त्याच पाच मिनिटांत फोनवरच्या स्कॅनर ऍपला फक्त २७ सापडतात. यातला खरा आकडा कोणता? दुसरं म्हणजे, सातनंतर वेग पार बसतो. बाहेरच्या कुणाला पासवर्ड मिळालाय की आतलंच एखादं उपकरण सगळं खातंय, हे कुठे पाहायचं?

बिनतारी

दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत, पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यातला एकही नाही.

१३१ हा डीएचसीपीने दिलेल्या पत्त्यांचा आकडा. लॉजच्या रजिस्टरसारखा प्रकार आहे: कोण आलं ते लिहिलेलं असतं, कोण न सांगता गेलं ते नसतं. फोन वायफायच्या टप्प्याबाहेर जाताना 'माझा पत्ता परत घ्या' असं सांगत बसत नाही. मुदत संपेपर्यंत नोंद तशीच राहते. मुदत २४ तासांची असली की सकाळच्या पाळीचे, दुपारचे आणि काल रात्री दिवा मालवून गेलेले, सगळे एका यादीत.

२७ उलट्या बाजूने चुकतोय. स्कॅनर प्रत्येक पत्त्याला एआरपीने ('हा आयपी कुणाचा?' ही चौकशी) किंवा पिंगने ('आहेस का?') हाक मारतो आणि जे ओ देतात तेवढे मोजतो. झोपेतला फोन उशिरा ओ देतो, कधी देतच नाही. विंडोजची फायरवॉल पिंग गिळून टाकते. आणि एपीवर क्लायंट आयसोलेशन (जोडलेल्यांना एकमेकांपासून वेगळं ठेवणारी सोय) चालू असेल तर त्याच रेडिओवरचे शेजारी स्कॅनरला दिसणारच नाहीत. तारेवरचे आणि दुसऱ्या एपीवरचे मात्र दिसतील. म्हणून असा आकडा खालच्या मजल्यावर वेगळा आणि वरच्या मजल्यावर वेगळा येतो.

विचारायचं ते एपीला, कारण जोडणी त्याच्याशी आहे. जोडणी होताना एपी प्रत्येक उपकरणाला १ ते २००७ मधला एक क्रमांक देतो आणि त्याच्या किल्ल्या, ते जागं की झोपेत, त्याच्यासाठी थांबवून ठेवलेला डेटा, हे सगळं त्या नोंदीखाली ठेवतो. ही नोंद नाही तर जोडणी नाही.

एसएसएचने, म्हणजे संगणकाच्या टर्मिनलातून, एपीवर जा. आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे लिहितो, टर्मिनलात अर्थातच रोमन लहान अक्षरांत टंकायच्या. आधी 'आयडब्ल्यू डेव्ह', म्हणजे रेडिओंची नावं कळतील. २३.०५ वर ती फाय०-एपी०, फाय१-एपी० अशी असतात, जुन्या आवृत्त्यांवर डब्ल्यूलॅन०, डब्ल्यूलॅन१. मग प्रत्येक नावासाठी 'आयडब्ल्यू डेव्ह फाय०-एपी० स्टेशन डंप'. तुमच्याकडे दोन एपी, प्रत्येकी दोन रेडिओ, म्हणजे चार वेळा. 'स्टेशन' ने सुरू होणारी प्रत्येक तुकडी म्हणजे एक उपकरण.

टर्मिनल नको असेल तर लूसीच्या (ओपनडब्ल्यूआरटीचं ब्राउझरमधलं पान) पहिल्या पानावर खाली हीच यादी थोडक्यात असते. तिथे उपकरणांची नावं रिकामी दिसतील. तो बिघाड नाही. नावं डीएचसीपीतून येतात आणि तुमचं डीएचसीपी ओएनटीवर आहे.

रात्रपाळी

नुसत्या तुकड्या मोजू नका, आतलं वाचा. बहुतेक लोक इथेच उलटं वाचतात. नमुन्यादाखल एक तुकडी, कामाच्या ओळी तेवढ्या ठेवल्यात:

स्टेशन डीए:७२:१९:०४:सी५:८ई
इनऍक्टिव्ह टाइम: ३० मिलिसेकंद
आरएक्स बाइट्स: २९१४०१८२३३
टीएक्स बाइट्स: ११८२०४४१७
टीएक्स पॅकेट्स: १०४१३७७
टीएक्स रिट्राइज: ४८७९२०
सिग्नल: उणे ८४ डीबीएम
आरएक्स बिटरेट: ६.५ मेगाबिट
ऑथराइज्ड: यस
कनेक्टेड टाइम: १४३८० सेकंद

आरएक्स आणि टीएक्स हे *एपीच्या* बाजूने आहेत. आरएक्स म्हणजे एपीने घेतलं, म्हणजे फोनने *वर चढवलं*. या फोनने चार तासांत २.९ जीबी वर पाठवलंय आणि खाली जेमतेम ११८ एमबी घेतलंय. हा व्हिडिओ पाहणारा नव्हे. बहुतेक वेळा असा आकडा फोटो-व्हिडिओंच्या आपोआप चालणाऱ्या बॅकअपचा असतो, आणि मालकाला पत्ताही नसतो.

सिग्नल उणे ८४ म्हणजे एपीला तो फोन एवढा क्षीण ऐकू येतोय. फोनच्या पडद्यावर तीन कांड्या दिसत असतील, कारण एपी जोरात बोलतो आणि फोन बॅटरी वाचवत हळू बोलतो. कांड्या पाहून निदान करू नये ते यासाठीच. ढोबळ हिशेब: उणे ५० ते ६५ उत्तम, उणे ७५ पर्यंत चालतं, उणे ८० च्या खाली गेलं की रडगाणं.

रिट्राइज भागिले पॅकेट्स: दर शंभराला ४७ फेरपाठवण्या. दहा-पंधरापर्यंत दुर्लक्ष करा. तीसच्या पुढे काहीतरी बिनसलंय.

आणि 'ऑथराइज्ड' ओळ. 'नो' असेल तर ते उपकरण दारात उभं आहे, आत आलेलं नाही. पासवर्ड बदलल्यावर जुने फोन असेच दर थोड्या वेळाने येऊन आपटतात. मोजताना फक्त 'यस' धरा.

ठिपका

चारही रेडिओंचे आकडे घेतले. वर ४१, खाली ३६, एकूण ७७. 'नो' वाले २. चार मॅक पत्ते ('स्टेशन' पुढचा, उपकरणाची ओळख असलेला क्रमांक) दोन्ही एपींवर एकाच वेळी दिसतात. एक फोन दोन ठिकाणी कसा?

बिनतारी

नसतोच. जिना चढून वर गेलेला फोन वरच्या एपीला जोडला गेला, खालच्याला सांगायला कुणी आलं नाही. होस्टएपीडी (एपीवर जोडण्या सांभाळणारा प्रोग्रॅम) एखादं उपकरण ३०० सेकंद गप्प राहिलं की त्याला एक रिकामी चौकट (फ्रेम, हवेतून जाणारा डेटाचा तुकडा) पाठवून डिवचतो. पोचपावती आली नाही की नोंद पुसतो. झोपेतला पण जागेवर असलेला फोन पावती देतो आणि राहतो. निघून गेलेला पुसला जातो. म्हणजे तुमच्या यादीत साधारण पाच मिनिटांचं शिळं असू शकतं, जास्त नाही.

दोन्हींकडे दिसणाऱ्या मॅकसाठी ज्याचा इनऍक्टिव्ह टाइम कमी तो एपी खरा. ७७ मधून २ आणि ४ वजा जाऊन ७१ उरतात. ३८ माणसांकडे फोन आणि बऱ्याच जणांकडे लॅपटॉप, वर प्रिंटर वगैरे धरले तर हिशेब बसतो. त्यात बाहेरचा कुणी नाहीच असं यावरून म्हणता येणार नाही, पण साठ परके बसलेत ही भीती तरी गेली.

ते ३०० सेकंद कमी करून ३० करण्याचा मोह होतो. करू नका. आयफोन खोल झोपेत असताना उगाच तुटतो, परत जोडतो, आणि तक्रारी वाढतात.

पाचवा खांब

आता ओळखण्याचं. मॅकच्या पहिल्या तीन जोड्या आयईईईने बनवणाऱ्याला दिलेल्या असतात. त्यावरून प्रिंटर, कॅमेरा, टीव्ही लगेच ओळखता येतात. स्मार्ट बल्ब आणि प्लग बऱ्याचदा 'एस्प्रेसिफ' म्हणून दिसतात, कारण आतली चिप त्या कंपनीची असते. घाबरू नका, तो कुणी हेर नव्हे.

फोनांच्या बाबतीत मात्र हा रस्ता बंद झालाय. अँड्रॉइड १० पासून आणि आयओएस १४ पासून फोन प्रत्येक वायफाय नावासाठी वेगळा, बनवलेला मॅक वापरतो. तो ओळखायची खूण: पहिल्या जोडीतलं *दुसरं* अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर पत्ता बनवलेला आहे. वरच्या नमुन्यात 'डीए' आहे, म्हणजे बनवलेला. तो कोणत्या कंपनीचा हे शोधणाऱ्या साइटवर टाकून काही मिळणार नाही.

एकाच नेटवर्कवर तो पत्ता बहुधा टिकतो. पण कुणी नेटवर्क 'विसरा' केलं, फोन रीसेट केला किंवा ती सोय बंद-चालू केली की नवा पत्ता येऊ शकतो. म्हणून 'ओळखीच्या मॅकची यादी आणि नवा दिसला की घंटा' ही योजना फोनांसाठी चालत नाही, रोज पाच-सात खोट्या घंटा वाजतात. बसून राहणाऱ्या उपकरणांसाठी छान चालते. प्रिंटर, सीसीटीव्हीचा रेकॉर्डर, बोटाचा ठसा घेणारं हजेरीयंत्र यांना ओएनटीवर ठरावीक पत्ते बांधून द्या आणि त्यांच्यासाठी उलटी घंटा लावा: *गायब* झालं की कळवा.

आणखी एक. ओएनटीच्या एआरपी यादीत एकाच मॅकवर चार-पाच आयपी दिसले तर कुणीतरी रिपीटर (वायफाय पुढे पसरवणारं यंत्र) लावलाय. स्वस्त रिपीटर आपल्या मागच्या सगळ्यांना स्वतःच्या मॅकखाली पुढे पाठवतो. एपीला ते एकच उपकरण वाटतं. शेजारच्या इमारतीत वायफाय जातंय का याचा सगळ्यात सोपा पुरावा हाच.

ठिपका

असा मॅक आत्ता तरी दिसत नाही. पण दर वेळी एसएसएचने जाऊन पाहणं शक्य नाही. सातच्या सुमाराचं चित्र नोंदवून ठेवायचं असेल तर?

रात्रपाळी

दोन प्रकारे, आणि दोन्ही लागतात.

पहिला, घटनांचा लॉग. होस्टएपीडी 'एपी-एसटीए-कनेक्टेड' आणि 'एपी-एसटीए-डिसकनेक्टेड' अशा ओळी मॅकसकट लिहितो. 'लॉगरीड' मध्ये दिसतात. चुकीच्या पासवर्डने आलेल्यासाठी 'एपी-एसटीए-पॉसिबल-पीएसके-मिसमॅच' अशी ओळ येते. पण हा लॉग रॅममधल्या छोट्या जागेत गोल फिरतो, गर्दीच्या दिवशी सकाळचं संध्याकाळपर्यंत पुसलं जातं, आणि वीज गेली की सगळंच जातं. म्हणून तो बाहेर पाठवा: सिस्टीमच्या सेटिंगमध्ये बाह्य लॉग सर्व्हरचा आयपी द्या, पोर्ट ५१४, यूडीपी. घ्यायला एखादा रास्पबेरी पाय (छोटा संगणक, पुढे नुसतं 'पाय') किंवा जुना संगणक, त्यावर लॉग गोळा करणारा आरसिसलॉग.

दुसरा, दर मिनिटाचा फोटो. क्रॉनमधून (ठरल्या वेळी काम चालवणारी सोय) एक छोटी स्क्रिप्ट चारही रेडिओंचा स्टेशन डंप घेऊन वेळ, रेडिओ, मॅक, सिग्नल, आरएक्स, टीएक्स, रिट्राइज एवढी एकेक ओळ लिहिते. हिशेब करा: ७० उपकरणं, दिवसाची १४४० मिनिटं, ओळ साधारण ८० बाइट. आठ एमबी रोज. हे एपीच्या फ्लॅशवर लिहू नका, जागा पुरणार नाही आणि सततच्या लिखाणाने फ्लॅश झिजते. टेम्प फोल्डर रॅममध्ये असतो, तोही भरून एपी गळपटेल. ओळी थेट पायकडे पाठवा.

स्क्रिप्ट लिहायची नसेल तर प्रोमीथियसचा (आकडे गोळा करून ठेवणारा प्रोग्रॅम) लुआ-एक्स्पोर्टर पॅकेज म्हणून मिळतो. त्याचा वायफाय-स्टेशन्सचा भाग *वेगळा* बसवावा लागतो. तो विसरला की ग्राफानात (त्या आकड्यांचे आलेख काढणारा प्रोग्रॅम) प्रोसेसरचे आलेख सुंदर येतात आणि उपकरणं शून्य.

दोन खड्डे. बाइटांचे आकडे त्या जोडणीपुरते असतात. फोन तुटून परत आला की शून्यापासून सुरू. म्हणून आधीच्या मिनिटापेक्षा आकडा कमी दिसला तर वजाबाकी करू नका, नवा आकडाच त्या मिनिटाचा वापर धरा. दुसरं घड्याळ. या एपींना घड्याळाची बॅटरी नसते. चालू झाल्यावर एनटीपीने, म्हणजे इंटरनेटवरून, वेळ मिळेपर्यंतच्या ओळींवर भलतीच तारीख असते. लाइट जाऊन आल्यावर एपी आधी उठतो आणि ओएनटी नंतर, त्यामुळे ही मधली वेळ चांगली पाच मिनिटांची असते. ओळींवर एपीचा नाही, पायचा शिक्का वापरा, आणि पायला स्वतःचं छोटं यूपीएस द्या. त्यालाही घड्याळाची बॅटरी सहसा नसते.

बिनतारी

सातनंतरच्या वेगाकडे येऊ. तो प्रश्न 'किती उपकरणं' चा नाहीच, *हवेतला वेळ* कोण खातं याचा आहे. एका चॅनेलवर एका वेळी एकच बोलू शकतो. १० एमबीची फाइल म्हणजे ८० मेगाबिट. ३०० च्या दराने ती पाव सेकंदात जाते, ६.५ च्या दराने बारा सेकंदांहून जास्त. हा निव्वळ भागाकार झाला, प्रत्यक्षात वरखर्च आणि फेरपाठवण्या धरून आणखी. ते बारा सेकंद बाकीचे सगळे थांबलेले.

रात्रपाळींच्या नमुन्यातला फोन घ्या. २.९ जीबी, ६.५ चा दर. सारा काळ तोच दर होता असं धरलं तर निव्वळ ३,५८६ सेकंद, म्हणजे चारपैकी एक तास चॅनेल त्या एका फोनकडे. बिटरेटची ओळ शेवटच्या चौकटीची असते, चार तासांची सरासरी नाही, हे लक्षात ठेवा. मिनिटामिनिटाच्या नोंदी हव्यात त्या यासाठीच.

चॅनेल किती भरलाय ते 'आयडब्ल्यू डेव्ह फाय०-एपी० सर्व्हे डंप' सांगतो. 'इन यूज' लिहिलेल्या तुकडीतले 'ऍक्टिव्ह टाइम' आणि 'बिझी टाइम' घ्या. आकडे बहुतेक ड्रायव्हरांत सुरुवातीपासूनची बेरीज असतात, म्हणून दहा सेकंदांच्या अंतराने दोनदा घ्या आणि फरकांचा भागाकार करा. २.४ वर सत्तर टक्क्यांच्या वर बिझी असेल तर इंटरनेटचा प्लॅन दुप्पट करूनही काही फरक पडणार नाही. त्यात शेजारच्या घरांचे राउटरही मोजलेले असतात. तुमचे बाइट कमी आणि बिझी जास्त असेल तर दोष शेजाऱ्यांच्या गर्दीचा.

ठिपका

काल ७:१० चं वाचन: खालच्या मजल्याचा २.४ चा रेडिओ ८३ टक्के बिझी, ५ चा रेडिओ १९ टक्के. २.४ वर २२ उपकरणं, त्यातली ५ उणे ८० च्या खाली. त्या पाचांपैकी दोघांचा आरएक्स टीएक्सच्या कितीतरी पट.

बिनतारी

मग उत्तर मिळालं. क्रमाने करा. २.४ वरचे १, २, ५.५ आणि ११ मेगाबिटचे जुने दर बंद ठेवा. ओपनडब्ल्यूआरटीच्या रेडिओ सेटिंगमध्ये 'लेगसी रेट्स' ची खूण काढलेली आहे ना ते पाहा. चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकीच एक, रुंदी २० मेगाहर्ट्झ. ४० लावून वेग वाढत नाही, भांडण वाढतं. खालचा आणि वरचा एपी एकाच चॅनेलवर नकोत.

२.४ ची ताकद ५ पेक्षा ६-७ डीबीने खाली आणा. दोन्हींचं नाव एक असताना फोन जोरातला आवाज निवडतो, आणि २.४ भिंतींतून जास्त येतो म्हणून सगळे तिकडे गर्दी करतात. एवढ्यानेच निम्मे लोक ५ वर सरकतील.

एपीची जागाही पाहा. उणे ८० वाले पाच एकाच कोपऱ्यात असतील तर मध्ये लोखंडी कपाट, आरसा किंवा लिफ्टचा खड्डा आहे. एपी दोन मीटर सरकवणं हा सगळ्यात स्वस्त उपाय, आणि तोच कुणी करत नाही.

पाचवा खांब

मायक्रोटिक कंपनीचे राउटर वापरणाऱ्यांसाठी: हेच सगळं 'रजिस्ट्रेशन टेबल' मध्ये आहे, विनबॉक्समध्ये (त्यांचा सेटिंगचा प्रोग्रॅम) वायरलेस किंवा नव्या पॅकेजमध्ये वायफाय खाली. ऍक्सेस लिस्टमध्ये सिग्नलची मर्यादा उणे १२० ते उणे ८५ देऊन त्या टप्प्यातल्यांना नकार देता येतो. पण मर्यादा उणे ७५ वगैरे ठेवली की माणूस खुर्चीत वळला तरी फोन तुटतो. हात शरीराआड आला की पाच-दहा डीबी सहज जातात.

आणि कुणी दुसरा राउटर एपी म्हणून लावत असेल तर केबल त्याच्या *लॅन* पोर्टात घाला, त्याचं डीएचसीपी बंद करा आणि त्याला स्वतःला वाटपाबाहेरचा पत्ता द्या, उदाहरणार्थ १९२.१६८.१.२. केबल वॅन पोर्टात गेली की तो आपलं वेगळं जाळं उभं करतो, आणि वरच्या राउटरला त्याच्यामागची तीस उपकरणं मिळून एकच दिसतं.

ओसरी

अभ्यासिका चालवणाऱ्यांचा खरा प्रश्न पुढचा असतो: हा मॅक *कुणाचा*? आणि कोण काय पाहतंय तेही दिसेल का?

रात्रपाळी

एकच पासवर्ड सगळ्यांना असेल तर कुणाचा हे कधीच कळणार नाही. यादी कितीही बारकाईने ठेवा.

मधला मार्ग असा: होस्टएपीडीला पासवर्डांची फाइल देता येते. प्रत्येक ओळीत 'कीआयडी=' पुढे खुर्चीचा किंवा सभासदाचा क्रमांक, मग बारा शून्यांचा मॅक, म्हणजे 'कोणताही', आणि मग त्या सभासदाचा स्वतःचा पासवर्ड, ८ ते ६३ अक्षरांचा. वायफायचं नाव एकच राहतं. जोडणी झाल्यावर कनेक्टेडच्या ओळीत मॅकच्या मागे तो कीआयडी छापून येतो. मॅक रोज बदलला तरी बिघडत नाही. सभासद गेला की त्याची ओळ काढा आणि 'होस्टएपीडी_सीएलआय' ने 'रीलोड_डब्ल्यूपीए_पीएसके' द्या, बाकीच्यांचा पासवर्ड बदलावा लागत नाही. आधीच जोडलेल्याला वेगळं तोडावं लागेल.

अडचणी: फाइल दोन्ही एपींवर सारखी हवी. हे डब्ल्यूपीए-२ साठी आहे, डब्ल्यूपीए-३ च्या हस्तांदोलनात ही फाइल अशी चालत नाही, त्यामुळे २ आणि ३ चा मिश्र मोड लावू नका. साध्या पासवर्डावरून किल्ली काढताना प्रत्येकी ४,०९६ फेऱ्यांचं गणित होतं. साठ ओळी असतील तर छोट्या प्रोसेसरच्या एपीला सुरू व्हायला काही सेकंद जास्त लागतात. घाई असेल तर ६४ अंकी तयार किल्ली फाइलमध्ये टाका.

पाचवा खांब

याच्या वरची पायरी रेडियस, म्हणजे प्रत्येकाचं नाव-पासवर्ड तपासणारा वेगळा सर्व्हर. पोर्ट १८१२ वर ओळखपाळख, १८१३ वर हिशेब. प्रत्येक जोडणीची सुरुवात, मधले आकडे आणि शेवट, सभासदाच्या नावासकट. कॉलेजला हेच योग्य. साठ खुर्च्यांच्या आणि दर महिन्याला निम्मे सभासद बदलणाऱ्या अभ्यासिकेला नको. नव्या अँड्रॉइडवर प्रमाणपत्राची माहिती भरल्याशिवाय ते पुढे जाऊ देत नाही, आणि प्रत्येक नव्या सभासदाचा फोन हातात घेऊन बसावं लागतं.

ओसरी

साइट्सचं राहिलं. मीच उत्तर देते, कारण इथे गैरसमज फार. एपीच्या यादीत साइट दिसत नाही, किती बाइट गेले एवढंच. डीएनएसच्या (साइटच्या नावावरून पत्ता विचारण्याच्या) चौकशा साध्या असतील तर नावं दिसू शकतात, फोनवर प्रायव्हेट डीएनएस चालू असेल तर त्या चौकशांतून तीही नाही. पानाच्या आतला मजकूर एचटीटीपीएसच्या कूटलेखनामुळे झाकलेला. आणि दिसू शकतं म्हणून नोंदवू नये. सभासदाचा क्रमांक, मॅक, वेळ, बाइट, एवढ्यात वेगाचे सगळे प्रश्न सुटतात. नोंद होते हे प्रवेशअर्जावर एका ओळीत मराठीत लिहा आणि भिंतीवर लावा. नोंद किती दिवस ठेवणार तेही लिहा. सर्ट-इनच्या (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था) २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत कंपन्या, सेवा पुरवठादार वगैरेंना लॉग १८० दिवस ठेवायला सांगितलंय. तुमची संस्था त्यात बसते का ते नोंदणी कशी आहे त्यावर ठरेल. घटनांचा लॉग १८० दिवस ठेवायला जागा काहीच लागत नाही, मिनिटामिनिटाचे फोटो मात्र महिन्याभराने पुसा.

ठिपका

कीआयडीची फाइल करतो. तोपर्यंत एखाद्याला तात्पुरतं थांबवायचं असेल तर मॅक फिल्टर लावू का?

रात्रपाळी

मॅक फिल्टर म्हणजे कागदी कुलूप. फोनचा खासगी पत्ता बदलला की उघडलं. नुसतं तोडलंत तर फोन दोन सेकंदांत परत येतो, पासवर्ड त्याच्याकडे आहेच. टर्मिनलातल्या 'यूबस कॉल होस्टएपीडी.फाय०-एपी० डेल_क्लायंट' या आज्ञेत मॅकबरोबर 'बॅन_टाइम' देता येतो. तो *मिलिसेकंदांत* असतो. ६०००० म्हणजे एक मिनिट. ६० लिहून 'चालत नाही' म्हणणारे बरेच आहेत. आणि हे चारही रेडिओंवर द्यावं लागतं, नाहीतर तो दुसऱ्या रेडिओवर जाऊन बसतो.

बॅकअपवाल्यांना तोडण्यापेक्षा सांगा. फोनच्या बॅकअपच्या सेटिंगमध्ये 'फक्त चार्जिंग चालू असताना' अशी खूण बऱ्याच ऍपमध्ये असते. पण अभ्यासिकेत सगळे चार्जिंगलाच लावून बसतात, म्हणून 'इथे बॅकअप बंद ठेवा' असं सरळ लिहिलेलं बरं.

ओसरी

ज्यांच्याकडे फक्त कंपनीचं ओएनटी आहे आणि एसएसएच नाही, त्यांच्यासाठी एक युक्ती. डीएचसीपीची मुदत २४ तासांवरून २ तासांवर आणा. बहुतेक पानांवर ती सेकंदांत मागतात, ७२००. उपकरण अर्धी मुदत झाली की पत्ता ताजा करून घेतं. म्हणजे यादीत ज्याची बाकी मुदत ३,६०० सेकंदांच्या वर आहे ते तासाभरात इथे होतं, त्याच्या बरंच खाली गेलेलं बहुधा निघून गेलंय. पाच मिनिटांची मुदत ठेवू नका. ओएनटी मध्येच अडकलं की पाच मिनिटांत सगळ्यांचे पत्ते एकदम जातात.

ठिपका

७२०० करून पाहिलं. काल सात वाजता यादी १३१ वरून ८४ वर आली, त्यातले ३,६०० च्या वरचे ७३. एपींकडून त्याच मिनिटाला ७०. २.४ ची ताकद ६ डीबीने उतरवल्यावर तो रेडिओ ८३ टक्क्यांवरून ५१ वर आला आणि त्यावरची उपकरणं २२ वरून १३ झाली. उणे ८० वाल्यांपैकी तिघे अजून त्याच कोपऱ्यात आहेत, तिथे लोखंडी कपाट आहे. रविवारी एपी जिन्याच्या बाजूला सरकवून परत आकडे टाकतो.